देणगी मशीनला मिळते, वहीला कुणी देत नाही

मार्चमध्ये महिला दिन आला की बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडं एकच फोटो फिरतो. हार घातलेलं काळं शिलाई मशीन, मागं पाहुणे आणि कडेला संकोचून उभी असलेली बाई. देणगी देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. दिलेली वस्तू डोळ्यांना दिसली की माणसाचा हात सैल सुटतो, एवढंच.

त्या मशीनचं पुढं काय होतं ते बघा. साध्या मशीनवर ब्लाऊज, परकर होतात. पिकोला वेगळं मशीन लागतं, कडा पक्क्या करायला इंटरलॉक लागतं. दोन गल्ल्यांच्या गावात पाच जणींना तेच मशीन दिलं की पाचही जणी ब्लाऊजच शिवणार आणि एकमेकींचा दर पाडणार. बॉबीन केस खराब झालं की खालचा दोरा गुंततो, टाके सुटतात. दुरुस्तीला बेळगाव गाठायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. अस्तर, हूक, दोरा रोखीनं आणायचा, आणि गिऱ्हाईक पैसे देणार सणाला. मग मशीनवर चादर पडते, चादरीवर तांदळाचं पोतं. शिवणाऱ्या बाईला मशीनइतकीच गरज असते तीन महिन्यांच्या अस्तर-दोऱ्याच्या भांडवलाची. पण भांडवलाला हार घालता येत नाही!

आमच्या मते, ज्या संस्थांना लोक वर्षानुवर्षं न मागता पैसे देतात, त्यांच्याकडं दाखवायला वस्तू नसते, वही असते. हिशेब साधा आहे. बायकांच्या बचत गटाला आमच्याकडं संघ म्हणतात. अशा संघात 15 बायका, महिन्याला प्रत्येकी 200 रुपये, म्हणजे महिन्याचे 3,000 आणि वर्षाचे 36,000. त्यातून एकीला भात लावणीसाठी 10,000 दिले, महिना दोन टक्क्यानं, तर 200 रुपये व्याज येतं आणि ते संघातच राहतं. सावकाराकडं पाच टक्क्यानं घेतले असते तर महिन्याला 500 घराबाहेर गेले असते. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड, वेळेवर लिहिलेली वही, ही पंचसूत्री. सहा महिने ती नीट चालली की बँक कर्जासाठी संघाचा विचार करते.

संघ मोडतो तो बहुतेक वेळा पाचव्या सूत्रापाशी. पैसे बैठकीत गोळा होतात, हिशेब चिटोऱ्यावर राहतो, वहीत "घरी जाऊन लिहू" म्हणतात. तीन महिन्यांनी बेरीज जुळत नाही. "माझे 200 तू लिहिलेच नाहीस" एवढं एक वाक्य पुरतं, पुढच्या बैठकीला निम्म्या जणी येत नाहीत. यावर उपाय एकच, रक्कम सगळ्यांसमोर लिहायची आणि उठण्याआधी मोठ्यानं वाचायची. त्यासाठी संस्थेची कार्यकर्ती लागते. 20 संघ म्हणजे महिन्याला 20 बैठका, जवळपास रोज एक. जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी बसचं तिकीट बायकांना लागत नाही हे खरं, पण खानापुरातल्या कणकुंबीच्या बाजूच्या वाड्यांना बसच मोजक्या. त्या कार्यकर्तीच्या पगाराला देणगी मागा, समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे पैसे पगारातच जाणार?" हो, पगारातच जाणार, आणि जायलाच हवेत.

आपल्याकडं आणखी एक भानगड आहे. सीमाप्रश्नावर तुम्ही कुठल्याही बाजूला असा, बाईसमोर येणारा अर्ज कन्नडमध्ये असतो आणि संघाची वही मराठीत. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, कन्नडमध्ये लिहिताना तिसरंच काहीतरी होतं, आणि केवायसी अडकते. जाणत्या संस्था ठराव दोन्ही भाषांत लिहून घेतात. मराठीतला बायकांना वाचून दाखवायला, कन्नडमधला बँकेला. नाहीतर "इथं सही कर" म्हटलं की बाई सही करते आणि जामीन होऊन बसते.

काही जण म्हणतात, सरकार पैसे देतंय, मग संस्था कशाला? गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 ऑगस्ट 2023 पासून इकडं कर्नाटकात, लाडक्या बहिणीचे 1,500 पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडात. पण बाईच्या खात्यावर आलेले पैसे काढतो कोण, एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं? तीन-तीन मायक्रोफायनान्सचे हप्ते एकाच घरात चालू असतील तर ते 2,000 दारातूनच परत जातात. वसुलीच्या जाचाविरुद्ध 2025 मध्ये कर्नाटकानं कायदा आणला, पण गल्लीत वसुलीवाला उभा असताना ते बाईला कुणीतरी सांगावं लागतं.

घटप्रभेची मास संस्था बघा. देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या बायकांनीच 1997 मध्ये उभी केली. देवदासीबंदीचा कायदा 1982 चा, पण सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरच्या मुलींपर्यंत पोचायला त्याला या बायकांचे पाय लागले. अशा ठिकाणी दिलेल्या देणगीचं काय झालं, हे देणगीदाराला विचारावं लागत नाही.

म्हणून द्यायच्या आधी संस्थेत जा आणि मागच्या महिन्याची एका संघाची वही मागा. ती कार्यकर्ती वाचते की संघातली बाई, ते बघा. देणगीवर आयकरात सवलत देणारी 80जी नोंदणी चालू आहे का विचारा. 2,000 वरची रक्कम रोखीनं देऊ नका, सवलत मिळत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर 80जीचा उपयोगच नाही. पावतीवर पॅन बरोबर लिहून घ्या, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत देणगीचं 10बीई प्रमाणपत्र आलं नाही तर फोन करून मागा.