दोन पाय बेटावर

मागच्या वर्षी 31 डिसेंबरला दुपारी लाँचमधून घरी येत होतो, धक्का समोर दिसत होता, अर्धा किलोमीटर असेल फार तर, आणि तेवढ्यात एका सुरयच्या (मासे पकडणारा समुद्रपक्षी) मागे काळपट काहीतरी लागलं. आधी वाटलं मोठा कुरव असेल. पण कुरव असा वळत नाही हो. सुरय डावीकडे वळली की हा डावीकडे, ती खाली आली की हा तिच्याही खाली, दोरीने बांधल्यासारखा. मिनिटभर हा तमाशा चालला, मग सुरयने चोचीतला मासा सोडला आणि तो पाण्याला टेकायच्या आत यानं झेलला. स्कुआ! दुसऱ्याने पकडलेला मासा पळवणारा समुद्रावरचा गुंड. बेटाच्या इतक्या जवळ मी तो कधी पाहिला नव्हता.

आणि मी तो यादीत धरला नाही.

माझ्या वर्षाच्या यादीत, म्हणजे एका वर्षात बेटावरून दिसलेल्या पक्ष्यांच्या यादीत, तेव्हा 117 जाती होत्या, त्या 117च राहिल्या. कारण माझा नियम साधा आहे, बघताना माझे दोन्ही पाय बेटावर पाहिजेत. पक्षी कुठेही असू दे, आकाशात, पाण्यावर, पार क्षितिजावर, चालतं. पण मी बेटावर. लाँच धक्क्याला लागल्या लागल्या मी उडी मारून उतरलो, स्कोप (मोठी दुर्बीण) लावला, पाऊण तास समुद्र चाळला, स्कुआचं नाव नाही. लाँचवरचे काका दोर बांधता बांधता बघत होते. म्हणाले, "दिसला ना तुम्हाला? मग लिहून टाका की, कोण बघायला येतंय?" म्हटलं, काका, तोच तर प्रॉब्लेम आहे, कोणीच येत नाही बघायला.

हे इथे लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आमच्या बर्डिंगवाल्या मित्रांशी यादीच्या हद्दीवरून परत तोच वाद झाला. शेजारच्या बेटावर कोणता तरी दुर्मिळ पाहुणा आला होता, सगळे धावले, मी गेलो नाही. "अरे लाइफर होता तुझा!" म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसणारी जात. होता. मान्य. मला त्रास झाला नाही असंही नाही, फोटो बघून पोटात कालवलंच. पण मी वर्षभर जे करतोय त्यात तो पक्षी बसत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की घराजवळची वर्षाची यादी ठेवायची असेल तर हद्द आधी ठरवा आणि मग ती स्वतःच्या सोयीने हलवू नका. हद्द हलली की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही, मग ती नुसती फिरायला गेल्याची डायरी होते.

बेटावर राहणाऱ्याला हे सोपं जातं असं लोकांना वाटतं, समुद्रानेच कुंपण घातलंय म्हणे. घंटा सोपं. ओहोटीला आमचं बेट चांगलं ऐसपैस होतं, उत्तरेचा सगळा खडक उघडा पडतो आणि त्यावरून चालत गेलं की पार टोकाच्या कातळापर्यंत जाता येतं. भरतीला तोच कातळ वेगळा असतो, मध्ये पाणी. मग त्या कातळावर उभं राहून पाहिलेला पक्षी बेटाचा का? माझी लेक म्हणते, "बाबा, बूट ओले न करता गेलात तर बेट." आमच्या घरात हा नियम आता फायनल आहे.

जानेवारीत मजा असते. 1 तारखेला कावळा नवा, चिमणी नवी, कबुतरसुद्धा नवं. वर्षभर ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही त्या पारव्याला सकाळी सकाळी वहीत पहिला नंबर मिळतो. पहिल्या दहा दिवसांत यादी निम्म्यापर्यंत धावते आणि मग एकदम ब्रेक लागतो. त्यानंतर आठवडेच्या आठवडे शून्य भर. बरेच लोक इथेच वही मिटतात. मला विचाराल तर खरं काम इथून पुढे सुरू होतं, कारण आता नवीन काही दिसणार नाही हे माहीत असूनही बाहेर पडायचं असतं.

बेटाचं गणितच वेगळं. 1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या दोघांनी मांडलं होतं की बेट जितकं लहान आणि किनाऱ्यापासून जितकं लांब तितक्या तिथे जाती कमी, आणि शिवाय ती यादी गोठलेली नसते, काही जाती नव्याने येतात, काही नाहीशा होतात. कागदावर हे फार कोरडं वाटतं. पण आमच्याकडे कायम राहणाऱ्या जाती मोजून 26, आणि तीन वर्षांपूर्वी 27 होत्या. दीपगृहामागच्या पडक्या खोलीत गव्हाणी घुबडाची जोडी होती. एक वर्ष एकच दिसलं, मग नुसता आवाज, मग तोही नाही. किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात एक जोडी गेली तर शेजारून दुसरी येते, इथे कोण येणार? त्या सव्वीसला सत्तावीस व्हायला किती वर्षं लागतील ते बघतोय.

बाकीचे सगळे म्हणजे वाटसरू. आणि तीच बेटाची चैन आहे.

लोकांना वाटतं छान ऊन, निळं आकाश म्हणजे बर्डिंगचा दिवस. बेटावर उलटं. बरेचसे छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. हवा चांगली असली, वारा पाठीशी असला की ते वरच्यावर निघून जातात, खाली बेट आहे का काय आहे त्यांना पत्ताही नसतो, आणि आपण सकाळी दुर्बीण घेऊन रिकाम्या झुडपांभोवती फिरतो. पण निघताना आकाश मोकळं आणि वाटेत समुद्रावर अचानक पाऊस, धुकं, समोरून वारा, असं झालं की दमलेले जीव जी पहिली जमीन दिसेल तिथे उतरतात. त्यामुळे प्रवासाच्या सीझनमध्ये रात्री पत्रे वाजायला लागले की बायको खिडक्या बंद करायला उठते आणि मी गजर लावायला.

गेल्या वर्षीची एक सकाळ सांगतो. रात्रभर धुवांधार, पहाटे थांबला. धक्क्याजवळच्या बाकावर बुटाची लेस बांधत होतो, तर बाकाखाली काहीतरी हललं. वटवट्या. अंगठ्याएवढा, पाठ हिरवट, डोळ्यावरून फिकट भुवई, छातीची पिसं भिजून चिकटलेली. माझ्या बुटापासून वीतभर लांब. उडाला नाही. बाकाच्या पायाला जाळं होतं, त्यातला कोळी त्याने उचलून गिळला, मग एक डोळा मिटला, उघडला, परत मिटला. मी लेस हातात धरून तसाच वाकलेला, पाठीला कळ, पण हलायची सोय नाही. चार-पाच मिनिटांनी तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून झुडपात.

आता हा कोणता वटवट्या? या मंडळींच्या इतक्या जाती एकसारख्या दिसतात की आवाजाशिवाय भले भले गप्प बसतात. आणि हा एक शब्द बोलला नाही. फोटो काढायचा तर हात लेसमध्ये. वीतभर अंतरावरून, वर्षातलं सगळ्यात जवळचं दर्शन, आणि वहीत काय लिहिलं तर "वटवट्या 1, जात कळली नाही". त्या दिवसाच्या नोंदीत तो आहे, 117 मध्ये नाही. मित्र म्हणाला, तिकडच्या पट्ट्यात जी जात जास्त सापडते तीच असणार, टाक की. असणारच्या भरवशावर टाकायचं तर घरी बसून पुस्तक उघडूनच यादी केलेली काय वाईट?

मुद्दा तोच आहे. मला वाटतं आपण सगळे आकड्याच्या नादात नको ते मोजतो आणि हवं ते सोडतो. ईबर्ड, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ऑनलाइन ठेवायची सोय, 2002 पासून आहे, बरेच जण वापरतात. त्यात चेकलिस्ट, म्हणजे एका फेरीची यादी, भरताना शेवटी एक प्रश्न येतो, ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? लोक घाईत हो दाबून मोकळे होतात. पण त्या एका हो वर सगळं अवलंबून असतं हो. सगळे लिहिलेत म्हणजे जे लिहिलं नाही ते तुम्हाला दिसलं नाही, ही पण माहिती झाली. नुसती भारी भारी नावं टाकली आणि चिमण्या-कावळे गाळले तर उद्या चिमण्या खरंच कमी झाल्या का तुम्हाला लिहायचा कंटाळा आला होता, हे कोणाला कळणार? त्यामुळे मी कावळेसुद्धा मोजतो. धक्क्यावर कावळे मोजणारा माणूस कसा दिसतो याची मला पूर्ण कल्पना आहे.

तसे येडे जुन्या काळापासून आहेत म्हणा. उत्तर समुद्रात हेल्गोलँड नावाचं बेट आहे, शेजारचा वाळूचा तुकडा धरूनही दोन चौरस किलोमीटर भरत नाही. तिथे हाइनरिश गेट्के नावाचा चित्रकार 1837 मध्ये गेला आणि तिथलाच झाला, पन्नासहून जास्त वर्षं येणारे-जाणारे पक्षी बघत बसला, 1891 मध्ये त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. त्या काळी बंदूक हीच दुर्बीण होती, तो भाग सोडा. पण इतक्याशा जागेत आजवर 400 पेक्षा जास्त जाती नोंदल्या गेल्यात, त्या एका वर्षात किंवा एका भारी दिवशी नाही, कोणीतरी रोज बघत होतं म्हणून.

त्याहून मला आवडते ती फेअर आइलची गोष्ट. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलँडच्या मध्ये. जॉर्ज वॉटरस्टन दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता आणि तिथे बसून त्याने या बेटावर पक्षी-केंद्र काढायचे बेत आखले, 1948 मध्ये ते काढलंही. त्याच छावणीत जॉन बक्स्टन होता, तो तारेच्या कुंपणामागून थिरथिऱ्याच्या जोड्या बघत राहिला, बाकीच्या कैद्यांनाही कामाला लावलं आणि सुटल्यावर त्या एका पक्ष्यावर पुस्तक लिहिलं. हद्द लहान आहे म्हणून रडणाऱ्या मित्रांना मी हे ऐकवतो. (त्यांना आता पाठ झालंय, मी जॉ म्हटलं की ते र्ज म्हणतात.)

उलट टोकाचे लोकही आहेत. 2015 मध्ये नोआ स्ट्रायकर वर्षभर जगभर फिरला, सातही खंड, 6042 जाती. एका वर्षात. मी त्याला नावं ठेवत नाही, जमत असेल त्याने करावं, आणि खोटं कशाला बोलू, वाचताना मलाही हेवा वाटला होता. पण तो खेळ वेगळा आहे. तिथे पक्षी जिथे आहे तिथे माणूस जातो. आमच्या खेळात माणूस तिथेच, पक्ष्याला यायचं तर येईल. 2022 मध्ये पाणटिवळा नावाच्या किनारपक्ष्याच्या एका पाच महिन्यांच्या पिल्लाच्या पाठीवर ट्रान्समीटर होता, तो अलास्काहून निघून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर न थांबता गेला, 11 दिवस, ना खाली उतरणं ना काही. असले प्रवासी आपल्या अंगणावरून जात असताना मी विमानाचं तिकीट काढून त्यांच्या मागे कशाला जाऊ?

बरं, माझं सगळं शिस्तीत चालतं असा कोणी समज करून घेऊ नका. चार वर्षांपूर्वी लाँचमध्ये चढताना वही पाण्यात पडली. जेल पेन. मार्च ते मे, तीन महिने, निळा डाग. घरी येऊन आठवेल तसं परत लिहायला बसलो आणि लक्षात आलं की दुर्मिळ सगळे तारखेसकट आठवतायत, पण नेहमीच्या माळभिंगऱ्या शेवटच्या कधी दिसल्या, किती होत्या, काही म्हणजे काही आठवत नाही. तेव्हापासून पेन्सिल, आणि रोज रात्री फोनवर एंट्री. फेअर आइलच्या केंद्राची इमारत 2019 मध्ये आगीत जळून गेली, पण नोंदी आधीच डिजिटल केलेल्या होत्या म्हणून वाचल्या. ते वाचल्यावर मी आधी जुन्या वह्यांचे फोटो काढले आणि मग जेवलो.

यंदाचं सांगायचं तर आकडा 88 वर अडकलाय. त्यापेक्षा मला पांढऱ्या धोब्याची काळजी आहे. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर तो दरवर्षी येतो, शेपटी वर-खाली करत इकडून तिकडे पळतो, अकरा वर्षांतला सगळ्यात उशिराचा दिवस होता 19 ऑक्टोबर. आज 27. बहिरी ससाणा आला, टर्नस्टोन हे छोटे किनारपक्षी आले, उधाणाच्या भरतीला धक्क्याच्या भिंतीवर 14 जण दाटीवाटीने बसले होते, पायाला लाट लागली की एक-एक पायरी वर सरकत. धोबी नाही. कदाचित दुसऱ्या कुठल्या टाकीवर उतरला असेल, कदाचित वारा सोयीचा असेल म्हणून वरूनच गेला असेल. लेकीने विचारलं, न आलेला पक्षी पण लिहायचा असतो का? म्हटलं हो, लिही. तिने पेन्सिल घेतली आणि टाकीच्या रकान्यात शून्य काढलं, जरा मोठंच काढलं, खालच्या ओळीत आलंय.