चमत्कार पाहावयास जाण्यापूर्वी

एखादे महाराज केवळ मंत्राने होम पेटवणार असल्याचा निरोप निपाणी-खानापूर भागात आपल्या कानावर आला, तर अवश्य जावे. मात्र श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून मांडवात शक्य तितके मागे बसावे. पुढे बसणाऱ्याला समिधांखालची जांभळट पूड दिसते, आणि वरून सोडलेले तूप इतके पारदर्शक कसे, असले प्रश्न पडू लागतात. शेजारी विज्ञानाचे गुरुजी असतील तर त्यांना चहाला पाठवावे. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले की थोड्या वेळाने आपोआप जाळ होतो, हे त्यांना ठाऊक असते. नारळ पेटवणार असतील, तर तो महाराजांच्याच पिशवीतला असू द्यावा. आपल्या दुकानातल्या नारळाच्या शेंडीत पाणी लागताच पेट घेणारे सोडियम दडवलेले नसल्यामुळे तो तीर्थ शिंपडल्यावर नुसता भिजतो आणि खापर आपल्या पापांवर फुटते.

21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध प्यायला, हा दाखला ठामपणे द्यावा. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाऊन मूर्तीवरून पातळ थराने ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले होते. आपण पायथ्याशी साचलेल्या दुधाकडे पाहू नये, म्हणजे झाले. महाराष्ट्राने 2013 मध्ये आणि कर्नाटकाने 2017 मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, याची आठवण कोणी करून दिलीच, तर धर्म बुडाल्याची हाकाटी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत करावी. (या दोन सरकारांचे एकमत झालेला दुसरा विषय आम्हाला तरी आठवत नाही.)

खरी कसोटी जटेची. मुलीच्या केसांत गुंता झाला, की तेल-फणी तात्काळ थांबवावी, गुंत्यावर भंडारा टाकत राहावे, म्हणजे मळ व चिकटपणाने तो घट्ट होतो आणि सौंदत्तीच्या यल्लम्माने बोलावल्याचे सिद्ध होते. अशाच जटेपायी कित्येक मुली देवदासी म्हणून देवीला सोडल्या गेल्या आणि 1982 मध्ये कर्नाटकाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला, हे त्या मुलीसमोर बोलू नये. कोणी कात्री घेऊन आलाच, तर कोपाची जबाबदारी त्याच्याकडून लिहून घ्यावी. त्यानंतर वर्षभरात घरातली म्हैस जरी आटली, तरी तो कोप समजावा. काहीच घडले नाही, तर देवीने माफ केले असे सांगून खणानारळाने तिची ओटी भरावी.