'कॉम्प्युटरची कमाल' नाही हो, हाताची!

लेख आवडला, पण त्यात 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'ला, म्हणजे खऱ्या माणसांसोबत कार्टून वावरतात त्या सिनेमाला, कॉम्प्युटरची कमाल म्हटलंय ते काही पटलं नाही. अहो १९८८चा पिक्चर आहे तो, त्यातले कार्टून अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स आणि त्यांच्या टीमने हाताने काढलेत, एकेक फ्रेम! तो बारच्या मागच्या खोलीतला सीन आठवा, डिटेक्टिव्ह एडी स्वतःला आणि रॉजर या कार्टून सशाला अडकवलेली बेडी करवतीने कापत असतो आणि डोकं आपटून वरचा दिवा हलायला लागतो. आता दिवा हलला म्हणजे सशाच्या अंगावरची सावली पण प्रत्येक फ्रेमला बदलणार, म्हणजे कामाचा नुसता डोंगर. दिवा स्थिर ठेवला असता तरी कोणाचं काही अडलं नसतं, पण नाही, हलवलाच. मी पहिल्यांदा बघताना ते लक्षातही आलं नव्हतं, भावाने रिवाइंड करून दाखवलं तेव्हा कळलं.

आणि एडीचं काम करणाऱ्या बॉब हॉस्किन्सचं नावच नाही लेखात?? समोर ससा नसताना त्याच्याशी भांडायचं, त्याची मानगूट धरायची, आणि नजर बरोब्बर तिथेच ठेवायची जिथे नंतर तो काढला जाणार. निम्मं श्रेय त्या माणसाचं आहे. बाकी 'लहान मुलांचा सिनेमा' म्हणालात तर माझ्या भाचीला विचारा, तो बिचारा जिवंत कार्टून बूट खलनायक जज डूम त्या डिपमध्ये, म्हणजे कार्टून विरघळवणाऱ्या द्रावणात, बुडवतो तिथे इतकी रडली की टीव्ही बंद करावा लागला.