रांग दिसली म्हणजे तिथे शहर जेवतं असं नाही

मोठ्या शहरात नवखे असाल, तर तिथल्या लोकांना आवडणारी स्वस्त आणि निवांत जेवायची जागा कशी हुडकायची, याचा एक सल्ला हल्ली फोनवरून फोनवर फिरतोय. थोडक्यात तो असा: साडेचारच्या वर रेटिंग असेल तिथेच जा, रांग दिसली की डोळे मिटून उभे राहा, जागा जितकी कळकट तितकी चव अस्सल, शहराच्या मध्यभागी जेवू नका, टॅक्सीवाल्याला विचारा, मेनूकार्डावर फोटो दिसले की उठा, आणि अशी जागा सापडलीच तर कुणाला सांगू नका.

सुटसुटीत आहे, म्हणून पटतो. पण यातले बहुतेक मुद्दे जागेचा बोलबाला किती आहे एवढंच सांगतात, आणि गल्लीतलं हॉटेल बोलबाल्यावर चालत नाही. ते चालतं त्याच त्या माणसांच्या पुन्हा पुन्हा येण्यावर. मंगळवारी जेवून गेलेला माणूस शुक्रवारी परत येतो का, हे कळलं की निम्मं काम झालं. या एका कसोटीवर प्रत्येक मुद्दा घासून बघू.

आधी रेटिंग, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. 2017 मध्ये लंडनमधल्या ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझर या लोकांचे रिव्ह्यू छापणाऱ्या वेबसाइटवर नोंदवलं. तिथे जेवण मिळतच नव्हतं. ओळखीच्या लोकांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, आणि काही महिन्यांत 'द शेड अ‍ॅट डलिच' लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. हे टोकाचं उदाहरण झालं. रोजच्या व्यवहारातलं हवं असेल, तर मायकल लुका आणि जॉर्जिऑस झेर्वास या अभ्यासकांनी बॉस्टनमधल्या रेस्टॉरंटांचे येल्प या तशाच अमेरिकन वेबसाइटवरचे रिव्ह्यू तपासले, तेव्हा त्यातले सुमारे 16 टक्के येल्पच्या यंत्रणेनेच संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते.

पण खोटेपणा क्षणभर बाजूला ठेवू. खऱ्या रेटिंगचीही एक अडचण आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. येल्प सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या स्टारवर नेऊन दाखवायचं. म्हणजे 3.24 असेल तर तीन स्टार आणि 3.26 असेल तर साडेतीन. जेवणात फरक जवळपास शून्य. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मायकल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रूडर या अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच धागा पकडून सॅन फ्रान्सिस्कोमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: अर्धा स्टार जास्त दिसला, की ऐन जेवणाच्या वेळची टेबलं आधीच भरून जाण्याचं प्रमाण 19 टक्केबिंदूंनी वाढतं, म्हणजे शंभरातल्या आणखी 19 वेळी टेबल मिळत नाही. तेव्हा रेटिंग नुसती चव दाखवत नाही, ते गर्दी खेचून आणतं. तुम्हाला निवांत बसायचं असेल, तर सगळ्यात वरचा आकडा शोधणं म्हणजे निवांतपणा जिथे संपलाय नेमकं तिथे जाणं.

शिवाय रिव्ह्यू लिहितं कोण? बहुतेक वेळा पहिल्यांदा आलेला, नाहीतर चिडून शेवटचा गेलेला. वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा येणारा माणूस बिल देतो आणि घरी जातो, त्याला लिहिण्यासारखं काही घडलेलंच नसतं. म्हणून आकडा सोडा आणि मजकूर वाचा. सगळ्यात नवे रिव्ह्यू वर आणा, त्यातले तीन स्टारवाले आधी बघा आणि तक्रार कशाची आहे ते पाहा. 'बसायला जागा कमी', 'कार्ड घेत नाहीत', 'मोजकेच पदार्थ', 'सजावट जुनाट' या तक्रारी वाचून मला उलट हुरूप येतो. 'जेवण गार होतं', 'न मागवलेलं बिलात लावलं' या तक्रारी मात्र दोन-तीन जणांनी केल्या असतील तर तिथे जाऊ नये. आणि 'पूर्वीसारखं राहिलं नाही' हे वाक्य दिसलं तर थांबून विचार करा, कारण ते जुन्या गिऱ्हाइकाचं असतं. एकाच आठवड्यात पाच-पाच स्टारांचा पाऊस आणि प्रत्येकी एक ओळ असेल, तर ती जागा सोडून द्या.

आता रांग. मिशलिन या हॉटेलांना मानाचे स्टार देणाऱ्या फ्रेंच मार्गदर्शिकेने 2016 मध्ये सिंगापूरमधल्या दोन हॉकर स्टॉलना, म्हणजे साध्या खाण्याच्या टपऱ्यांना, एकेक स्टार दिला, आणि तिथल्या रांगा तासातासांच्या झाल्या. जेवण उत्तम असणार, त्याबद्दल शंका नाही. पण दुपारच्या सुट्टीत जेवायला येणाऱ्या माणसाला ती रांग कशी परवडणार? रांग लागली म्हणजे मागणी आहे एवढंच ठरतं. मागणी कुणाची, हे रांगेत कोण उभं आहे ते बघितल्यावर कळतं. शनिवारी संध्याकाळची, कॅमेरे सरसावून उभी असलेली रांग वेगळी. कामाच्या दिवशी भर दुपारी लागलेली, एकेकट्या माणसांची, भराभर पुढे सरकणारी रांग वेगळी. या दुसऱ्या रांगेत खुशाल उभे राहा. मिशलिनचाच आधार घ्यायचा असेल, तर स्टारपेक्षा 'बिब गूर्मां' यादी कामाची. बेताच्या पैशांत चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी ती 1997 पासून निघते आहे.

'कळकट तितकं अस्सल' हा मुद्दा मला नुसता चुकीचा नाही, घातक वाटतो. स्वस्ताईचा आणि घाणीचा काहीही संबंध नाही. छोट्या हॉटेलाचे पैसे वाचतात ते आतल्या गल्लीतल्या कमी भाड्यात, मोजक्या पदार्थांत, घरचीच माणसं राबतात त्यात आणि सजावटीवर खर्च न करण्यात. म्हणून खुर्च्या जुन्या असोत, भिंतीचा रंग उडालेला असो, त्याने काही बिघडत नाही. पण टेबलाला हात चिकटला, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी गाळ दिसला, पैसे घेणारा हात न धुता ताटात वाढू लागला, तर उठा. लॉस एंजेलिस परगण्यात 1998 पासून आणि न्यूयॉर्कमध्ये 2010 पासून तपासणीची श्रेणी ए, बी, सी अशा अक्षरांत दर्शनी भागात लावावी लागते. अशी सोय असेल तिथे ते अक्षर आधी वाचा. स्वच्छता राखणाऱ्या गरीब हॉटेलवाल्याची मेहनत या 'कळकट'च्या कौतुकात मातीमोल होते, याचा मला मनापासून राग येतो.

'मध्यभागी जेवू नका' यात अर्धं सत्य आहे. प्रेक्षणीय स्थळाच्या अगदी दारातल्या हॉटेलाला गिऱ्हाईक परत येण्याची गरजच नसते, उद्या नवं येणारच असतं. पण त्याच भागात कोर्ट असतं, सरकारी रुग्णालय असतं, कॉलेज असतं, घाऊक बाजार असतो. तिथे रोज हजारो माणसं कामाला येतात, त्यांच्याकडे वेळ थोडा आणि पैसे बेताचे असतात, आणि एकदा फसलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारात जातो. अशा ठिकाणी टिकून राहिलेलं हॉटेल सहसा चांगलंच निघतं. ते मुख्य रस्त्यावर नसतं. मागच्या गल्लीत, तळघरात, नाहीतर वरच्या मजल्यावर असतं, आणि बऱ्याचदा संध्याकाळी बंद होतं.

तिथे पोचलात की लगेच आत शिरू नका, दाराशी थोडा वेळ उभे राहून बघा. एक माणूस येतो, पिशवी खुर्चीला अडकवतो. वेटर मेनूकार्ड आणतच नाही, पाणी ठेवतो आणि आत आवाज देतो. त्या माणसाला काय हवं ते स्वयंपाकघराला ठाऊक असतं. एकटी जेवणारी बाई कुणी घाई न करता बसलेली दिसते. म्हातारं जोडपं एका ताटात दोघं खातं आणि वेटर न मागता दुसरी वाटी आणून ठेवतो. यातलं एक जरी दिसलं तर रेटिंग बघायची गरज नाही.

टॅक्सीवाल्याला विचारणं वाईट नाही, पण तो जेवतो ते गाडी उभी करायला जागा मिळते तिथे आणि आडवेळेला. आणि 'सगळ्यात चांगलं कुठलं?' असं विचारलं, की कुणीही आपल्याला शोभेल असं प्रसिद्ध नाव सांगतो. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात, केशकर्तनालयात, लाँड्रीत विचारा: 'काल दुपारी तुम्ही कुठे जेवलात?' लॉस एंजेलिसचे जोनाथन गोल्ड विशीत असताना पिको बुलेव्हार्ड या एकाच लांबलचक रस्त्यावरच्या हॉटेलांत एकामागून एक जेवत सुटले होते. पुढे 2007 मध्ये त्यांना समीक्षेसाठी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, आणि ते मिळवणारे ते पहिले रेस्टॉरंट समीक्षक ठरले. शहर त्यांना उमगलं ते असं दार उघडून आत बसून.

फोटोवाल्या मेनूकार्डाचा मुद्दा फार ताणण्यात अर्थ नाही, फोटो दिसले म्हणजे जागा फक्त बाहेरून आलेल्यांसाठी असं नसतं. जपानमध्ये तर अगदी साध्या, नेहमीच्या हॉटेलांच्याही दर्शनी काचेआड पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात.

राहिलं 'कुणाला सांगू नका'. छोटं हॉटेल बंद पडतं ते रिकाम्या टेबलांमुळे, म्हणून जरूर सांगा. फक्त फोटोसकट शंभर लोकांत न फिरवता, त्या भागात राहणाऱ्या किंवा कामाला जाणाऱ्या एकदोघांना सांगा, आणि नावाबरोबर वेळही सांगा: एक ते दोन ऑफिसवाल्यांची गर्दी असते, तेव्हा जेवून झालं की टेबल सोडा. गप्पा मारत बसायचं असेल तर अडीचनंतर जा. तेव्हा खुर्च्या मोकळ्या असतात आणि गल्ल्यावरच्या माणसालाही बोलायला सवड असते.