70 पाउंडाचा तो मेसेज चुकीचा आहे
नाशिकच्या आपल्या ग्रुपवर फिरतंय की पहिल्या शिकारीला 70 पाउंडाचंच (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य घ्या, नाहीतर हरीण पडत नाही. असं काही नाहीये. आपला मित्र अमेरिकेत लायसन काढून शिकारीला जातोय म्हणून सांगतो, तिकडे बऱ्याच राज्यांत हरणाला 40 पाउंड किंवा त्याहून कमीही चालतं. दुकानात खुर्चीवर बसून समोर नेम धरून सरळ ओढून बघ, ओढताना हात आभाळाकडे गेला किंवा खांदा थरथरला तर ते तुला जड आहे, हलकं घे, कारण धारदार पात्याचा बाण नेमका फुफ्फुसात लागायला हवा, नाहीतर बिचारं जनावर जखमी होऊन तडफडत पळतं. आणि इकडे गंगापूर धरणाच्या बाजूला कुणी धनुष्य घेऊन निघू नका रे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे, बंदूक असो नाहीतर बाण.