‘शक्तीपलीकडे’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकलं, कारण त्यात मी फक्त माझी बाजू सावरत होते. आज पुन्हा लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. परीक्षेत टिकून राहण्याबद्दलच्या त्या लेखात मी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं १०:१३ हे वचन घेतलं होतं (देव तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ देणार नाही, तिच्यातून निभावण्याची वाटही काढेल, अशा अर्थाचं) आणि त्यावरून लिहिलं होतं, की झेपणार नाही एवढं ओझं देव कुणावरच टाकत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत : तुमचे मेहुणे पक्षाघातानं चार वर्षं अंथरुणावर आहेत, बहीण एकटी सगळं करते, आणि चर्चच्या मंडळीतली माणसं येऊन तिला हेच वचन ऐकवून जातात. गेल्या महिन्यात ती तुम्हाला म्हणाली, “मला झेपत नाहीये, म्हणजे माझाच विश्वास कमी पडतोय.” पुढे तुम्ही विचारलंत, मूल चालतं का ते बघायला त्याचा पाय मोडणारा हा कसला बाप? आणि शेवटी, टिकून राहणं म्हणजे दुसरा इलाज नसण्याला दिलेलं गोंडस नाव आहे, आणि ज्यांचं काही गेलेलं नाही त्यांनाच ते सुचतं.

माझं ते वाक्य चुकीचं होतं. मांडणी कमी पडली वगैरे म्हणणार नाही, अर्थच चुकला होता. लेखातून ते काढलं आहे आणि का काढलं ते तिथेच लिहिलं आहे. तुमच्या बहिणीला, ताईंना, ज्या वाक्यानं दोषी ठरवलं, तेच वाक्य मी छापून लोकांच्या हातात दिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

चूक नेमकी कुठे झाली ते सांगायला हवं, कारण ती माझ्या एकटीची नाही. तो अध्याय आजारपणाबद्दल नाहीच. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला रानातल्या इस्राएल लोकांची आठवण देतो आहे : सोन्याच्या वासराची पूजा, व्यभिचार, कुरकुर. आणि तेराव्या वचनाच्या लगेच पुढे म्हणतो, म्हणून मूर्तिपूजेपासून दूर पळा. म्हणजे विषय आहे मोहाचा. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. त्याचा अर्थ मोह असाही होतो आणि कसोटी असाही. मराठीत आपण ‘परीक्षा’ म्हणतो, आणि परीक्षा म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा येतं दुःख. मोह समोर आला तर त्यातून निसटायची वाट देव ठेवतो, एवढं ते वचन सांगतं. मेहुण्यांचं आजारपण ताईंना पेलवेल असं वचन त्यात कुणीही दिलेलं नाही.

आणि हाच पौल त्याच करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात काय लिहितो? पहिल्याच अध्यायात, आठव्या वचनात तो सांगतो, की आशिया प्रांतात आमच्यावर जे संकट आलं ते आमच्या शक्तीपलीकडचं होतं, आम्ही जगण्याचीसुद्धा आशा सोडली होती. शक्तीपलीकडचं! हा शब्द त्यानं स्वतःबद्दल वापरला आहे, आणि वापरताना कुठेही माफी मागितलेली नाही. पहिल्या पत्रातलं वचन आपण भिंतीवर लावतो आणि दुसऱ्या पत्रातलं वाचून पुढे जातो. ताईंना कुणी काही वाचून दाखवणारच असेल, तर हे दाखवायला हवं होतं. ‘मला झेपत नाही’ म्हणणारी बाई विश्वासात कमी पडलेली नाही, ती प्रेषिताचंच वाक्य बोलते आहे.

त्याहून जुनी गोष्ट एलीया संदेष्ट्याची, १ राजे १९ मधली. ईजबेल राणीच्या धमकीला घाबरून तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. मग झोपी जातो. देवदूत येऊन त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. त्याला कुणीही झोपेतून ओढून काढत नाही. दुसऱ्यांदा उठवताना देवदूत म्हणतो, ऊठ, खा. हिब्रूत पुढचे शब्द आहेत, की ही वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. खुद्द स्वर्गातून आलेला निरोप सांगतो, तुला हे झेपणार नाही, म्हणून आधी जेव. उपदेश नाही, जाब नाही. देव त्याच्याशी बोलतो तो पुढे, चाळीस दिवस चालून झाल्यावर, डोंगरावर.

मोहाबद्दल तुम्ही लिहिलंत, की दुःख आणि मोह यांची मी सरमिसळ केली आहे. वचनाच्या बाबतीत केली, ते कबूल. पण जगताना ते खरंच वेगळे राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

माझी आई शेवटची अडीच वर्षं अंथरुणावर होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी सरकवायची, पाठीवर कुठे लाल डाग दिसतोय का ते टॉर्च लावून बघायचं. एका रात्री तिची हाक ऐकू आली आणि मी डोळे मिटून तशीच पडून राहिले. जागी होते. तिनं तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा अगदी हळू, जणू मला त्रास नको म्हणून. दहा मिनिटांनी उठले तेव्हा चादर भिजली होती, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “झोपली होतीस ना गं, मला वाटलंच.” त्या काळात माझ्यासमोर आलेला मोह तो एवढाच होता. पैसा नाही, परपुरुष नाही. ऐकू आलं नाही असं दाखवण्याचा मोह. दुःख मला शक्तीपलीकडे घेऊन गेलं होतं, आणि हा मोह तिथेच माझी वाट बघत बसला होता. येशूलाही भाकरीचा मोह घातला गेला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रिअस नावाचा एक तपस्वी राहत होता. त्यानं या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं आहे. भर दुपारी असं वाटू लागतं, की सूर्य हलतच नाहीये, दिवस पन्नास तासांचा झाला आहे. माणूस सारखा खिडकीकडे बघतो. मग मनात येतं, इथल्या भावांमध्ये प्रेम उरलेलं नाही, मला धीर देणारं कुणीच नाही. एवाग्रिअसच्या दृष्टीनं हे सगळ्यांत जड आक्रमण. पलंगाशेजारी बसून ज्यानं घड्याळ बघितलं आहे, त्याला त्या पन्नास तासांचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

मग सुटायची वाट कुठे होती? आमच्या मंडळीतल्या एक वयस्क बाई एके दिवशी दुपारी आल्या. शास्त्र आणलं नव्हतं. आईच्या खोलीत गेल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “उशा कुठे आहेत ते दाखव आणि तू आत जाऊन झोप.” मी पाच तास झोपले. पुढे दर आठवड्याला त्या येत राहिल्या. त्यानंतर मला आईची हाक ऐकून न ऐकल्यासारखं करावं लागलं नाही. हे माझ्या मनोबलामुळे झालं असं मी म्हणूच शकत नाही. मला झोप मिळाली होती, एवढंच.

यावरून एक बारीक गोष्ट माझ्या लक्षात आली. मराठीत ‘तुम्ही’ अनेकांना म्हणतात आणि आदरानं एकालाही म्हणतात. त्यामुळे ‘तुमच्या शक्तीपलीकडे’ हे शब्द एकटी बाई एकटीनं वाचते, तेव्हा तिला ते स्वतःला उद्देशून आहेत असं वाटतं : माझी शक्ती, माझी कसोटी, माझा निकाल. ग्रीकमध्ये हा घोळ नाही, तिथे ते उघड अनेकवचन आहे. पत्र सगळ्या मंडळीला होतं, ‘तुमची शक्ती’ म्हणजे सगळ्यांची मिळून. ज्यांनी ताईंना हे वचन ऐकवलं ते त्या ‘तुम्ही’मध्ये होते, आणि त्यांनी स्वतःला त्यातून अलगद बाजूला काढलं. कुरेनेकर शिमोनाला येशूचा वधस्तंभ उचलायला लावलं होतं. प्रभूलाही वाटेत दुसऱ्या माणसाचा खांदा लागला.

आता तुमचा पाय मोडणारा बाप. याकोबाच्या पत्रात, पहिल्याच अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे, की देव कुणालाही मोहात पाडत नाही. तरीसुद्धा मेहुण्यांना पक्षाघात का झाला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. जो छातीठोकपणे ते देतो त्याच्यापासून ताईंना लांब ठेवा. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र, एलीफज, बिल्दद आणि सोफर, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांच्या हातून चांगलं झालं. तोंड उघडल्यावर ते कारणं सांगू लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला : माझ्याविषयी ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता? स्वतःच्या जन्मदिवसाला शाप, देवावर आरोप, खटला चालवण्याची मागणी. याकोब पुढे ज्याच्या धीराचा दाखला देतो तो हाच माणूस. आपल्या मनातला सोशिक, तोंडातून अवाक्षर न काढणारा ईयोब पहिल्या दोन अध्यायांपुरता आहे. पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे.

म्हणूनच ‘दुसरा इलाज नसण्याचं गोंडस नाव’ हे मला मान्य नाही, आणि इथे मी मागे हटणार नाही. पवित्र शास्त्रातलं टिकून राहणं अजिबात गोंडस नाही. ८८वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी ते प्रार्थनांमध्ये ठेवलं गेलं. इब्री लोकांस पत्र म्हणतं, येशूनं मोठ्यानं आक्रोश करत, अश्रू ढाळत प्रार्थना केली. पौलानं शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं. यांच्यापैकी कुणीही ‘काही हरकत नाही’ असं म्हटलेलं नाही. इलाज नसलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो. हे लोक भांडत होते, आणि भांडण्यासाठी समोर कुणीतरी आहे हे त्यांनी सोडलं नाही. मी विश्वास म्हणते तो याला. आईच्या त्या वर्षांत माझ्या प्रार्थनेत गोड शब्द नव्हता, पण ती बंद झाली नाही.

तुम्ही हे विचारलेलं नाही, पण लिहून ठेवते, कारण असे लेख मारहाण सोसणाऱ्या बायकाही वाचतात. टिकून राहायचं ते विश्वासात. मारणाऱ्याच्या घरात राहायला शास्त्रानं बांधून घातलेलं नाही. दिमिष्क शहरात लोक जीव घ्यायला टपले होते, तेव्हा पौल रात्री पाटीत बसून तटावरून खाली उतरला. नासरेथात लोक कड्यावरून लोटायला निघाले, तेव्हा येशू त्यांच्यातून चालत निघून गेला.

ज्यांचं काही गेलं नाही त्यांना हे सुचतं, असं तुम्ही म्हणता. माझं काय गेलं ते लिहिलंच आहे, आणि ताईंपुढे ते थोडं आहे. पण पंडिता रमाबाईंकडे बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि कडेवर तान्ही मुलगी. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो यानंतर, १८८३ मध्ये. त्यानंतरही ज्यांनी धर्म शिकवला त्यांच्याशी त्या वाद घालत राहिल्या, पटत नाही ते पटत नाही म्हणाल्या. १९२१ मध्ये ती मुलगी, मनोरमा, आईच्या आधी गेली. तेव्हा रमाबाई शास्त्राचं मराठी भाषांतर पूर्ण करण्यात गुंतल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. या मृत्यूंपैकी एकाचाही ‘हेतू’ मी सांगणार नाही. एवढंच म्हणते, की ज्यांचं सगळं गेलं त्यांनीही हा विश्वास धरला, आणि डोळे उघडे ठेवून धरला.

माझं हे उत्तर ताईंना दाखवायची घाई करू नका. इतकं लांबलचक वाचायचं बळ त्यांच्यात आत्ता नसेल. दुसऱ्या करिंथकरांस पत्रातलं ते आठवं वचन तेवढं दाखवा, तेही त्यांनी विषय काढला तर. आणि त्याआधी एक विचारायचं आहे, तुम्हाला आणि तुमच्यामार्फत त्यांच्या मंडळीतल्या सगळ्यांना : त्या सलग पाच तास झोपल्या त्याला किती दिवस झाले? या आठवड्यातली एक रात्र त्यांच्याऐवजी कोण जागणार आहे?