पायथॉनला मराठी येत नाही म्हणे!

परभणीत कोडिंग शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय: ‘पायथॉनला मराठी येत नाही. बीडची लांबी ३ सांगतो, लातूर उलटं केलं की रूताल करतो, सारखे शब्द वेगळे म्हणतो, मराठी आकडे वाचत नाही. डेटा इंग्रजीतच ठेवा.’

आधी बीड. आपण बी आणि ड अशी दोन अक्षरं मोजतो. युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांना कोड देणारी पद्धत) ब, वेलांटी, ड असे तीन कोड आहेत आणि पायथॉन कोड मोजतो. सी भाषेतलं लांबी काढणारं स्ट्रलेन बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये (कोड बाइटांत साठवायची पद्धत) यातला दर कोड ३ बाइटांचा, म्हणून तिथे ९. पायथॉन २ मध्येही ९ यायचे, २००८च्या पायथॉन ३ पासून ३. अक्षरंच हवी असतील तर ग्रॅफीम (डोळ्यांना दिसणारं एक अक्षर) मोजणारं मॉड्यूल घ्यावं लागतं (जोडाक्षरांवर तेही कधीकधी अडखळतं).

रूताल खरं आहे. कोड उलटले की त चा ऊकार र ला जाऊन चिकटतो. पण खऱ्या कामात गावाचं नाव उलटं करतो कोण?

सारखे शब्द वेगळे, हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझा एक विद्यार्थी गावच्या पीकपेऱ्याच्या दोन याद्या जुळवत होता, एक वडिलांनी मोबाइलवर लिहिलेली, एक त्याची लॅपटॉपवरची. दोन्हींत ‘पऱ्हाटी’ (कापूस), पण सारखेपणा तपासणारं == लावलं की फॉल्स, म्हणजे ‘सारखे नाहीत’. “सर, दोन्ही सारखंच दिसायलंय की!” लेन, म्हणजे लांबी, काढायला लावलं. एकीचे ७, दुसरीचे ८. एकीत ऱ हा स्वतंत्र कोड होता, दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा, अक्षरं जोडणारा कोड. र खाली नुक्ता (टिंब) देऊनही हेच चित्र उमटतं, तिथेही ८. नुक्त्याचं रूप एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची रीत) सरळ होतं. झेडडब्ल्यूजेचं होत नाही, ते हातानेच बदलावं लागतं.

त्यासाठी त्याने रिप्लेस लिहिलं. तरी फॉल्सच! स्ट्रिंग (मजकूर) जागच्या जागी बदलत नाही, रिप्लेस नवी स्ट्रिंग देतं, आणि ती त्याने कुठे ठेवलीच नव्हती. यात मराठीचा काय दोष? इंग्रजीत ‘कॉटन’ लिहिलं असतं तरी तो इथेच अडकला असता.

आकड्यांचं तर धादांत खोटं. मजकुराचा आकडा करणाऱ्या इंटला ‘४५’ द्या, पंचेचाळीसच मिळतात. जावास्क्रिप्टचं नंबर त्यावर नॅन (‘आकडा नाही’) देतं; तिथलं गाऱ्हाणं इथे चिकटवलेलं दिसतंय. आणि इनपुटमधून आलेल्या ‘४५’ला इंट न लावता ‘५’ जोडलात तर ‘४५५’ होणारच, आकडे कुठल्याही लिपीतले असोत.

राहिलं ‘इंग्रजीतच ठेवा’. पऱ्हाटीचं स्पेलिंग काय करायचं? कुणी एक ए लिहितो, कुणी दोन, कुणी र चा एल करतो. त्या पोराच्या यादीत रोमन लिपीतल्या सहा ओळी होत्या. मराठीतल्या सगळ्या जुळल्या, त्या सहा अजून तशाच आहेत.